पाताळबंध

"मॅडम, तुम्ही बोलायचं नाही," प्रफुल्ल म्हणाला. "तुम्ही जमिनीखाली आहात."

मी फक्त एवढंच म्हणाले होते, की खिडकी लावा, झळ येतेय. पण त्याच्या हातात फासे होते, आणि फासे हातात असले की प्रफुल्ल खोब्रागडे फार कडक वागायचा. मी मुकाट्यानं उठले, खिडकी लावली आणि परत माझ्या जागेवर येऊन बसले.

चंद्रपूरकडच्या एका वीजकेंद्राच्या कॉलनीतली ही गोष्ट. पंधराएक वर्षं झाली असतील. रेल्वेच्या वाघिणींतून येणारा कोळसा दळायचा, जाळायचा आणि मागं राहिलेली राख तोलायची, अशा प्रयोगशाळेत मी केमिस्ट होते. पस्तिशीला आलेली, एकटी राहणारी, सगळ्या कॉलनीची 'भंगाळे मॅडम'. प्रफुल्ल कंट्रोल रूममध्ये इंजिनिअर होता. इंजिनिअरिंगच्या होस्टेलात असताना त्याला एका खेळाचा नाद लागला होता, तो त्यानं नोकरीतही सोडला नव्हता. दर शनिवारी दुपारी त्याच्या क्वार्टरमध्ये टेबलाभोवती आम्ही जमायचो. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी साधू, कुणी चोर. प्रफुल्ल गोष्ट सांगायचा, 'समोर दार आहे, आतून कण्हण्याचा आवाज येतोय, काय करता?' आपण काय करतो ते आपण सांगायचं आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. एवढाच खेळ. पण दीड वर्ष एकच गोष्ट चालली होती.

मला त्यात ओढलं ते ऋचानं. ऋचा देवगडे माझ्याच प्रयोगशाळेत नवी लागलेली मुलगी, नागपूरची, तोंडाला खळ नाही. "मॅडम, एक माणूस कमी पडतंय, चला ना," म्हणाली आणि मी गेले. त्यांना एक माणूस कमी पडत होतं आणि मला शनिवार जड जायचा, दोन्ही बाजूंनी बरं झालं. ऋचाची होती वज्रा, दोन हातांत दोन तलवारी घेणारी. सौरभ बोबडे टर्बाइनवर होता, तो तिरंदाज. आणि स्टोअर्सचे येरपुडेसाहेब, पन्नाशीचे. त्यांची बायको नातवाला सांभाळायला वणीला राहायची. वरच्या मजल्यावरून ते एकदा गोंगाटाची तक्रार करायला खाली आले, दाराशी उभं राहून अर्धा तास ऐकलं आणि खुर्ची ओढून बसले ते कायमचे. ते गोसावीबुवा झाले होते, जडीबुटी जाणणारे.

माझं पात्र चोर होतं. नाव काजळी. पहिल्या दिवशी प्रफुल्लनं सगळ्यांना आपापल्या पात्राची हकीकत विचारली होती, कुठलं, कुणाचं, घर का सोडलं. सौरभनं तर घराण्याच्या तीन पिढ्या सांगितल्या. मी नाव सांगितलं आणि थांबले. "बाकीचं नंतर सांगते," म्हणाले. त्यानं परत विचारलं नाही, मीही काढलं नाही.

तर ही काजळी जमिनीखाली होती. महिना होत आला होता. कालमेघ नावाच्या मांत्रिकाच्या गढीत आम्ही शिरलो तेव्हा त्यानं काठी वज्रावर रोखली, आणि काजळी मध्ये गेली. का गेली हे मला सांगता येत नाही. प्रफुल्लनं "काय करतेस?" विचारलं आणि माझ्या तोंडून आलं, "मध्ये जाते." फासा टाकला, तो फसला.

"पायाखालची जमीन मऊ होते," प्रफुल्ल सांगू लागला. त्याचा आवाज अशा वेळी खाली यायचा. "गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. मग डोक्यावरून मिटते. वर काही खूण राहत नाही. ह्याला पाताळबंध म्हणतात. तू खोल, एका पोकळीत आहेस, हातपाय पसरता येतील एवढीसुद्धा नाही. भूक लागत नाही, तहान लागत नाही, झोप येत नाही. वय वाढत नाही. कुठल्याही मंत्रानं कुणाला तू दिसत नाहीस. तुझा आवाज वर पोचत नाही."

"किती दिवस?" मी विचारलं.

"कुणी सोडवेपर्यंत."

"आणि नाही सोडवलं तर?"

"तर तशीच."

असं झालं की खेळणाऱ्यानं दुसरं पात्र घ्यायचं असतं. प्रफुल्लनं ते सुचवलंही, एक गारुडीण तयार आहे म्हणाला. मी म्हटलं, राहू दे, बसते मी. आणि बसत गेले. दर शनिवारी चारला जायचे. पाळी फिरत माझ्याशी आली की प्रफुल्ल म्हणायचा, "काजळी, जमिनीखाली," आणि पुढच्याकडे वळायचा. मी कधी चहा टाकायचे, कधी कूलरमध्ये पाणी भरायचे. साडेसहाला सगळे उठले की मीही उठायचे. ऐकायला हे विचित्र वाटेल, पण मला त्याचं काही वाटत नव्हतं. घरी कूलर माझाही होता. पण इथल्या कूलरच्या आवाजात माणसं बोलत होती.

खिडकी लावली त्या शनिवारी मंडळींना मंत्रपट मिळाला. एका पडक्या मठाच्या तळघरात लढून, गोसावीबुवांचा एक डोळा गमावून मिळाला. पाताळबंध तोडणारा मंत्र त्यावर लिहिलेला होता. एकदाच वाचता येणार, वाचला की पट जळून जाणार.

"राणी," सौरभ लगेच म्हणाला. दीड वर्षाची सगळी पायपीट त्या राणीसाठी होती. कालमेघानं तिलाही असंच गाडलेलं होतं, शंभर वर्षांपूर्वी. ती बाहेर आली की सैन्य उठणार, कालमेघाशी शेवटची लढाई होणार.

"आणि काजळी?" ऋचानं विचारलं.

"दुसरा पट शोधू ना तिच्यासाठी."

प्रफुल्लनं फासे टेबलावर ठेवले. "एक सांगायचं होतं. माझी बदली झाली, परळीला. पुढचा शनिवार शेवटचा."

कूलर घरघरत राहिला. येरपुड्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "बाप्पा," एवढंच म्हणाले.

"मग तर राणीच," सौरभ म्हणाला. "एकच शनिवार आहे. दीड वर्ष काढलं त्याच्यासाठी. मॅडम दुसरं पात्र घेतील आणि लढाईत येतील. हो ना, मॅडम?"

मला बोलायला बंदी होती. मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाच कळलं नाही. सौरभनं हो धरलं.

"कालमेघानं काठी माझ्यावर रोखली होती," ऋचा म्हणाली. "मी तो आत्ताच वाचते. गढीत परत जायचं, ती गडप झाली त्या जागेवर उभं राहायचं आणि वाचायचं. प्रफुल्लदादा, आपण तिथं पोचलो, मी पट उघडला."

सौरभ खुर्चीत मागं रेलला. प्रफुल्लनं तिच्याकडे पाहिलं. "उघडलास. अक्षरं चमकतात. मंत्र विचारतो, कुणाला सोडवायचं?"

"काजळीला."

"ती कोण?"

"कोण म्हणजे? आमच्यातली."

"मंत्राला एवढं चालत नाही. पाताळात कालमेघानं शेकडो माणसं गाडलीत. नाव आणि ओळख सांगावी लागते. कुठली, कुणाची, कशी वाढली. राणीची ओळख ह्या मुलखातलं शेंबडं पोरही सांगेल, तिच्यावर गाणी आहेत. काजळीची सांग."

ऋचानं माझ्याकडे पाहिलं.

"तिकडे बघू नकोस," प्रफुल्ल म्हणाला. "ती खाली आहे."

"ती... दक्षिणेकडची असेल," ऋचा म्हणाली. "शहरातली. चोरांच्या टोळीत वाढलेली. हो ना?"

"मला काय विचारतेस? मला तिनं सांगितलेलं नाही."

"सौरभ, तुला काही माहितीये?"

"ती कुलपं उघडते," सौरभ म्हणाला. मग जरा ओशाळला. "दीड वर्षात विचारलंच नाही यार कुणी."

"चुकीचं सांगितलं तर काय होते?" येरपुड्यांनी विचारलं.

"दुसरंच कुणीतरी बाहेर येतं. आणि पट जळतो."

येरपुड्यांनी हात पुढं करून टेबलावर ठेवला, जणू पट खरोखरच तिथं उघडा पडला होता. "मिटव बेटा," ते ऋचाला म्हणाले. "आज नको वाचू."

मी तिथंच बसले होते, त्या चौघांच्या मध्ये, आणि ती चौघं माझ्याबद्दल बोलत होती. राग आला नाही. खरं सांगायचं तर जिवाला बरंच वाटलं. कुणालाच काही सांगता येत नव्हतं म्हणजे प्रश्न मिटला होता. आता पुढच्या शनिवारी राणी बाहेर येईल, लढाई होईल, मी चहा टाकेन. घरी जाताना वीजकेंद्राच्या धुरांड्यांवरचे लाल दिवे लागलेले होते. रस्त्यावर कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, भर दुपारी दार वाजलं. चंद्रपूरच्या मे महिन्यात त्या वेळेला कुत्रंसुद्धा नाल्यातून बाहेर येत नाही. दारात ऋचा उभी होती, तोंडाला ओढणी गुंडाळलेली, फक्त डोळे दिसत होते. आत आली, ओढणी सोडली आणि कुर्त्याच्या खिशातून कांदा काढून टेबलावर ठेवला. ऊन लागू नये म्हणून तिच्या आईनं लावलेली सवय.

मी तिला ताक दिलं. तिनं उभ्याउभ्याच प्यायलं आणि घरावरून एकदा नजर फिरवली. एक खुर्ची, एक टेबल, दिवाण.

"तुमच्याकडे फोटो नाही एकही," ती म्हणाली.

"आवडत नाहीत मला."

"मॅडम, मला तुमचा राग आलाय. आधीच सांगून टाकते." ती दिवाणावर बसली. "माझ्यासाठी तुम्ही मध्ये गेलात. आणि मला तुमच्याबद्दल एक वाक्य सांगता येऊ नये? काल घरी जाऊन रडले मी, खेळावरून. आई हसत होती फोनवर."

"अगं, खेळ आहे."

"असू दे. काजळीचं गाव कोणतं?"

"ठरवलं नव्हतं मी."

"मग आता ठरवा."

"तूच ठरव ना. चोरांची टोळी बरी होती. प्रफुल्ल चालवून घेईल."

"नाही घेणार. विचारलं मी काल. म्हणाला, काजळी ज्यांची आहे त्यांनी सांगितलेलंच खरं धरीन." ती पाय वर घेऊन मांडी घालून बसली. "मला वेळ आहे. गाव?"

तिला घालवून द्यावं असं मनात आलं. पण बाहेर पाहिलं तर रस्त्यावर ऊन उकळत होतं. अशा उन्हात कुणाला जा कसं म्हणणार?

"नदीकाठचं," मी म्हणाले. "काळी जमीन. नदीच्या दोन्ही बाजूंना बागा."

"कशाच्या?"

"केळीच्या." खेळातल्या त्या मुलखात केळी होतात की नाही कुणास ठाऊक. "बागेत शिरलं की दुपारीसुद्धा गार असतं. पानं मोठी असतात, खाली सगळं हिरवं दिसतं. हातसुद्धा हिरवे दिसतात."

"आईवडील?"

"होते. ती नऊ वर्षांची असताना गेले. एकाच दिवशी."

"कशानं?"

"पुरानं," मी म्हणाले.

ऋचा पुढं सरकली. मग हळू विचारलं, "ती पण होती पुरात?"

"नाही. तिला घरी ठेवलं होतं. अंगात ताप होता."

"मग?"

"मग काय? नातेवाइकांकडे. एका मामाकडे दोन वर्षं, मग काकाकडे, मग आत्याकडे. कुणी वाईट वागलं नाही तिच्याशी, हे तसंच सांग. जेवायला घालायचे, नवे कपडे घ्यायचे. प्रत्येक घरात तिला कपाटातला एक खण रिकामा करून द्यायचे. ती आली की आधी त्या घरातल्या पोरांचे कपडे त्या खणातून निघायचे आणि ती पोरं बघत उभी राहायची."

"मग चोरी कुठं शिकली?"

"चोरी नाही शिकली," मी म्हणाले. "आवाज न करता चालायला शिकली. दुसऱ्याच्या घरात रात्री पाणी प्यायला उठलं तर कुणाची झोप मोडू नये, म्हणून. कोणत्या दाराची कडी करकरते, कोणती वर उचलून काढली की वाजत नाही. माठावरचं झाकण कसं ठेवायचं. पायरी कुठं बोलते. आपण ह्या घरात आहोत हे कुणाच्या लक्षात येऊ नये, म्हणजे मग कुणाला अडचण होत नाही. हे जमलं की कुलूप उघडणं काही अवघड नसतं. टोळीवाल्यांनी तिला नंतर पाहिलं, त्यांना आयतीच मिळाली."

मी हे कुठून बोलत होते मला कळत नव्हतं. थांबता येत नव्हतं हे मात्र कळत होतं. कूलर चालूच होता. ऋचा रिकामा पेला दोन्ही हातांत धरून बसली होती. काही लिहून घेत नव्हती, मध्ये बोलत नव्हती. त्या मुलीला इतका वेळ गप्प बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"बास एवढंच," मी म्हणाले. "पुरे होईल."

ती ऊन उतरल्यावर गेली. जाताना कांदा विसरली. मी तो तसाच टेबलावर राहू दिला.

शेवटच्या शनिवारी प्रफुल्लच्या घरात खोकी बांधून ठेवलेली होती. भिंतीवरची घड्याळं, कॅलेंडरं उतरवलेली, त्यांच्या जागी फिकट चौकोन राहिले होते. सगळे जरा जास्तच जोरात बोलत होते. मग प्रफुल्लनं फासे घेतले आणि गप्प झाले सगळे.

"गढीच्या चौकात उभे आहात," तो म्हणाला. "काजळी गडप झाली ती जागा. कालमेघाला सुगावा लागलाय, दूर नगारे वाजताहेत. पट एकच आहे. काय करता?"

सौरभनं समोरच्या कागदांवरून हात फिरवला. त्या लढाईसाठी त्यानं महिनाभर नकाशे काढले होते. मग म्हणाला, "मी दारावर उभा राहतो. बाण लावून. वाच तू, ऋचा."

ऋचानं पट उघडला.

"ती कोण?" प्रफुल्लनं विचारलं.

तिनं सगळं सांगितलं. माझ्याच शब्दांत नाही, तिच्या. केळीच्या बागेतली गार दुपार सांगितली, हिरवे दिसणारे हात सांगितले. ताप, पूर, मामा, काका, आत्या, कपाटातला खण. ती पोरं बघत उभी राहायची, ते सांगताना अडखळली, पाणी प्यायली आणि परत पहिल्यापासून ते वाक्य सांगितलं. मी टेबलाच्या कडेकडे बघत बसले होते. माझ्याबद्दल इतकं सलग कुणी बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी निघून गेल्यावर बोलत असतील लोक, समोर कधी नाही.

"ओळख पटली," प्रफुल्ल म्हणाला. "नाव?"

"काजळी."

त्यानं मान हलवली. "हे तिला टोळीनं दिलेलं असणार. आईबाप तिला काय हाक मारायचे?"

ऋचाचा चेहरा पडला. "हे नाही विचारलं मी," ती म्हणाली. "प्रफुल्लदादा, एक मिनिट, मी फक्त..."

"ती खाली आहे ऋचा. नगारे जवळ येताहेत."

सौरभ म्हणाला, "सोड ना यार, शेवटचा दिवस आहे." प्रफुल्लनं सोडलं नाही. तो हट्टी होता, पण दुष्ट नव्हता. तो माझ्याकडे बघत नव्हता आणि ते मुद्दाम होतं, हे मला आत्ता कळतं.

"सोनकेळ," मी म्हणाले.

आवाज इतका बारीक निघाला, की मला वाटलं मनातच म्हणाले. टेबलाशी कुणी हललं नाही. प्रफुल्ल हळूच म्हणाला, "खालून आवाज वर पोचत नाही."

येरपुडेसाहेब उठले. पन्नाशीचा माणूस, गुडघे दुखायचे त्यांचे. टेबलाला धरून ते खाली बसले, फरशीवर, आणि वाकून कान फरशीला लावला.

"गोसावीबुवा जमिनीला कान लावून बसले आहेत," ते खालूनच म्हणाले. "मघापासून. त्यांना एक डोळा नाही आता, त्यामुळं कान तिखट झाले. त्यांना ऐकू आलं."

"काय ऐकू आलं?"

"पुन्हा म्हण बेटा," येरपुडे म्हणाले. ते दीड वर्ष मला मॅडम म्हणत होते.

"सोनकेळ," मी म्हणाले. ह्या वेळी नीट म्हणाले.

प्रफुल्लनं फासा टाकला नाही. बाजूला ठेवला. ऋचानं नाव घेतलं, पट जळाला आणि गढीच्या चौकातली जमीन उघडली. पुढं काय काय झालं ते त्यानं छान रंगवून सांगितलं, मला त्यातलं फारसं आठवत नाही. लढाई झाली नाही. आम्ही चौघंही मागच्या दारानं पळालो आणि राणी राहिली तिथंच. सौरभनं शेवटी त्याचे नकाशे गुंडाळून प्रफुल्लच्या खोक्यात टाकले, म्हणाला, परळीला कुणी भेटलं तर त्यांना दे.

निघालो तेव्हा संध्याकाळ होती. झळ ओसरली होती. ऋचाची वाट वेगळी होती, तरी ती माझ्या बाजूनं चालत आली. नाल्यावरच्या पुलापर्यंत दोघी आलो. कोळशाची गाडी यार्डात शिरत होती, तिचा आवाज थांबेपर्यंत उभ्या राहिलो.

"मॅडम," ती म्हणाली, "पूर खरा होता?"

मी कठड्यावर हात ठेवला. तो अजून तापलेला होता.

"पूर नव्हता," मी म्हणाले. "जीप होती. लग्नाहून परत येत होते."

 अरेरे नाही, सॉरी नाही. तिनं ओढणीनं कठड्याचा धुरळा झटकला, आधी माझ्यासाठी, मग स्वतःसाठी, आणि बसली.

"सांगा," म्हणाली.

मी तिच्या शेजारी बसले.